काच कधी फोडायची, हे घरीच ठरवून ठेवा

नमस्कार डॉक्टर,

आम्ही नेरूळला राहतो. आमचा लाडू सहा वर्षांचा काळा लॅब्राडॉर आहे, वजन अडतीस किलो. मागच्या रविवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास मी त्याला घेऊन वाशीहून परत येत होते. वाटेत भाजी आणि कलिंगडं घ्यायला थांबले. गाडी बंद केली, किल्ली कपहोल्डरमध्ये, मोबाइल सीटवर तसाच राहिला आणि मी पिशव्या डिकीत ठेवायला उतरले. डिकी लावेपर्यंत लाडू मागच्या सीटवरून पुढे आला, ड्रायव्हरच्या दारावर पंजे टेकून मला बघायला लागला आणि खट्‌कन चारही दारं लॉक झाली.

भाजीवाल्याच्या फोनवरून घरी कळवायला गेले तर यांचा नंबरच आठवेना. लहानपणापासून पाठ असलेला डोंबिवलीचा माहेरचा लँडलाइन तेवढा आठवला. आईने यांना कळवलं, हे दुसरी किल्ली घेऊन रिक्षाने आले. यात पंचवीस मिनिटं गेली. गाडी पूर्ण उन्हात होती. जमलेल्यांत एक जण म्हणत होता, काच फोडा. दुसरे म्हणत होते, अहो, उगाच नुकसान होईल, येतीलच साहेब. कुणीतरी बॉनेटवर पाणी ओतलं. मी नुसती काचेवर हात आपटत लाडूला हाका मारत होते. दार उघडलं तेव्हा तो लटपटत उतरला, तोंडाला फेस होता. भरपूर पाणी प्यायला. संध्याकाळी एकदा उलटी केली. आता नीट खातो-पितो, पण गाडीजवळ नेलं की बसकण मारतो.

हे म्हणतात, काही झालं नाही ना, मग काच फोडून काय मिळालं असतं? मला मात्र रात्री झोप लागत नाही. मी काच फोडायला हवी होती का? अशा वेळी किती थांबायचं? आणि त्याची गाडीची भीती कशी घालवू?

– एक वाचक, नेरूळ

ताई,

आधी लाडूचं. त्या संध्याकाळची उलटी मला तशीच सोडून द्यावीशी वाटत नाही. उष्माघाताचा मार आतून बसतो आणि बरेचदा त्याच दिवशी दिसत नाही. मूत्रपिंडं, यकृत, रक्त गोठण्याची क्रिया यांवरचा परिणाम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतो. ते दिवस उलटून गेलेत आणि तो खातोय, हे चांगलं लक्षण. तरीही या आठवड्यात त्याला तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या, घडलेलं सगळं सांगा आणि रक्त तपासून घ्या: क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी), यकृताची एन्झाइम्स, प्लेटलेट्स. लघवी गडद होत असेल, शी काळी किंवा रक्ताची झाली, हिरड्यांवर किंवा पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके दिसले तर आजच जा.

आता तुमचा प्रश्न. हो, काच फोडायला हवी होती. पाच मिनिटं झाल्या झाल्या.

हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. भर उन्हात, परक्या माणसांच्या गराड्यात, हातात ना फोन ना किल्ली, अशा वेळी हा निर्णय फार थोड्यांना घेता येतो. उष्माघात झालेलं कुत्रं माझ्याकडे उचलून आणलं जातं, तेव्हा सोबतची माणसं रडवेली होऊन हेच सांगतात की किल्ली निघाली होती, येतच होती. म्हणून माझा सगळा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. काच कधी फोडायची, हे घरात सगळ्यांनी बसून, शांत डोक्याने, आधी ठरवून ठेवा. तिथे उभं राहून ठरवायला गेलं की खर्चाची भीती, लोकांचा संकोच आणि 'अजून दोन मिनिटं बघू' यातच वेळ निघून जातो.

पाचच मिनिटं का, ते सांगते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतलं तापमान वेगवेगळ्या दिवशी मोजलं. बाहेर २२ ते ३६ अंश सेल्सियस होतं. तो अभ्यास २००५ मध्ये 'पेडिअ‍ॅट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात आला. तासाभरात गाडीच्या आतलं तापमान सरासरी २२ अंशांनी वाढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. खिडकी थोडी खाली ठेवून पाहिली, तरी फरक जवळपास पडला नाही. तुमच्या रविवारी बाहेर ३३-३४ अंश धरले तर पंचवीस मिनिटांत लाडू पन्नाशीच्या जवळ पोहोचलेल्या हवेत श्वास घेत होता.

ऊन काचेतून सरळ आत येतं आणि डॅशबोर्ड, सीट, स्टिअरिंग तापवतं. त्या तापलेल्या वस्तूंची उष्णता मात्र काचेतून तशी सहज बाहेर पडत नाही, आणि हवाही कोंडलेली असते. बॉनेटवर पाणी ओतून यात काहीच बदलत नाही. ओतणाऱ्याचा हेतू चांगला होता, पण त्याच माणसाने समोरच्या काचेवर आणि उन्हाकडच्या खिडक्यांवर ताडपत्री, पुठ्ठा, चादर, जे मिळेल ते टाकलं असतं तर थोडा वेळ तरी हाती लागला असता.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना थोडा ओलावा सुटतो, तेवढाच. त्याची सगळी भिस्त धापा टाकण्यावर: जीभ बाहेर, भराभर श्वास, आणि तोंडातल्या-श्वासनलिकेतल्या ओलाव्याची वाफ होऊन शरीर थंड होणं. वाफ व्हायला हवा कोरडी लागते. आपल्याकडे खाडीची दमट हवा, त्यात बंद गाडीत त्याच्याच श्वासाने ओल आणखी वाढत जाते. मग तो जितका धापा टाकतो तितके स्नायू राबून उष्णता वाढते आणि शरीर थंड होत नाही. दमट उन्हाचं बळ नवी मुंबईला वेगळं सांगायला नको. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमात उष्माघाताने १४ माणसं गेली. ती तर घाम येणारी माणसं होती आणि मोकळ्या हवेत बसली होती.

निरोगी कुत्र्याचं तापमान ३८ ते ३९.२ अंशांच्या दरम्यान असतं. ४१ च्या वर गेलं की अवयवांना इजा व्हायला लागते. हे अंतर दोन अंशांचंही नाही. लाडू लॅब्राडॉर, त्यात वजनदार आणि काळा, म्हणजे तो आधीच धोक्याच्या बाजूला उभा आहे. बसक्या नाकाच्या कुत्र्यांचं तर आणखी कठीण. पग, बुलडॉग, शिह त्झू, पेकिंगीज यांची श्वासाची वाटच अरुंद, त्यामुळे धापा टाकूनही पुरेशी हवा खेळत नाही. म्हातारी कुत्री, पिल्लं, हृदयाचा किंवा घशाचा आजार असलेली कुत्रीही याच रांगेत येतात.

तेव्हा घरी ठरवायचा नियम मी असा सांगेन. गाडी उन्हात आहे आणि बाहेर तिशीच्या वर आहे, तर पाच मिनिटं बाकीचे उपाय, सहाव्या मिनिटाला काच. कुत्रं बसक्या नाकाचं, म्हातारं किंवा आजारी असेल तर पाच मिनिटंही थांबू नका. आणि कुठलंही कुत्रं असो, ते लटपटायला लागलं, लाळ घट्ट आणि तारेसारखी झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, ओकलं, आडवं पडलं किंवा अचानक शांत झालं तर घड्याळ बघूच नका. अचानक शांत होण्याला लोक फसतात. त्यांना वाटतं, बरं झालं, निवांत बसला. पार्किंग सावलीत किंवा तळघरात असेल, वेळ रात्रीची असेल तर दुसरी किल्ली येईपर्यंत थांबता येतं, फक्त एका माणसाने काचेपाशी उभं राहून सतत त्याच्याकडे बघत राहायचं. इंजिन आणि एसी चालू असताना गाडी लॉक झाली असेल तरी बराच वेळ मिळतो, पण त्यावर विसंबू नका. इंधन संपतं, इंजिन बंद पडतं, काही गाड्या ठरावीक वेळाने आपणहून बंद होतात. एसी बंद पडल्या क्षणापासून पाच मिनिटांचा हिशेब सुरू. आणि बंदिस्त तळघरात इंजिन चालू असेल तर धुराचा विषारी वायू साठतो, तिथेही रेंगाळायचं नाही.

त्या पाच मिनिटांत काय करायचं? सगळ्यात आधी पाचही दारं ओढून बघा. घाबरलेला माणूस एकाच दाराशी झटत राहतो आणि डिकी उघडी असते. दुसरी किल्ली आणायला माणूस लगेच धाडा. तुमच्या गाडीला मोबाइलवरून दार उघडण्याची सोय असेल तर घरच्या कुणाच्या तरी फोनमध्ये ते अ‍ॅप आणि पासवर्ड आधीच असायला हवा, कारण तुमचा फोन आत आहे. लाडूच्या पंजाने बटण दाबलं गेलं तसं पुन्हाही दाबलं जाऊ शकतं, म्हणून एखादं मिनिट ड्रायव्हरच्या खिडकीशी उभं राहून त्याला तिथे बोलावून बघायला हरकत नाही. एखादंच मिनिट. त्यापुढे काच वाजवणं, हाका मारणं बंद. तुम्ही घाबरून हाका मारता, तो भुंकतो, उड्या मारतो आणि अंगातली उष्णता आणखी वाढते. अग्निशमन दलाला १०१ वर किंवा पोलिसांना ११२ वर पहिल्याच मिनिटाला फोन करायला सांगा; ते येईपर्यंत तुमचे उपाय चालू ठेवा. गाडी कंपनीची किंवा विम्याची रस्त्यावरची मदतसेवा तळघरातल्या गाडीसाठी ठीक. उन्हातल्या गाडीसाठी ती वेळेत पोहोचेल असं धरून चालू नका.

आणि मग काच. समोरची काच कधीही फोडायला जाऊ नका. ती दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ थर घालून केलेली असते, तडकते पण जागची हलत नाही. दाराच्या खिडक्यांची काच बहुतेक गाड्यांत कडक केलेली असते. ती फुटली की बारीक खड्यांचा ढीग होतो, लांब धारदार तुकडे पडत नाहीत. काही महागड्या गाड्यांत पुढच्या दारांनाही समोरच्यासारखीच काच असते. काचेच्या कोपऱ्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ते सवडीने आजच वाचून ठेवा. तशी असेल तर मागच्या दाराची काच निवडा. मागच्या दारालगतची छोटी तिकोनी काच स्वस्त पडेल असं वाटतं, पण ती बसवणं बरेचदा जास्त खर्चाचं निघतं आणि तिच्यातून हात घालून कडी गाठणंही अवघड जातं.

कुत्रं जिथे आहे तिथून सगळ्यात लांबची खिडकी फोडायची. कुत्रं नेहमी आपल्या माणसाच्या बाजूला येतं, त्यामुळे तुम्ही पुढच्या बाजूला उभं राहून त्याला बोलत ठेवा आणि पलीकडच्या मागच्या दाराची काच दुसऱ्याला फोडू द्या. त्या क्षणी तुमच्या आवाजाचा खरा उपयोग तेवढाच आहे. मधोमध हाणू नका, काच मध्ये लवते आणि हत्यार उसळून परत येतं. खालच्या कोपऱ्याशी, चौकटीपासून दोन बोटं आत, तिथे मारायचं. टोकदार आणि कठीण वस्तू लागते. गाडीचा पाना डिकीत अडकलेला असणार, पण रिक्षावाल्याकडे पाना-स्क्रू ड्रायव्हर असतो, पंक्चरवाल्याकडे हातोडी आणि छिन्नी असते. छिन्नीचं टोक कोपऱ्यावर टेकवून वर हातोडीचा एक नेटका फटका पुरतो. काही नाहीच मिळालं तर पेव्हर ब्लॉकचा कोपरा. तो हातातच घट्ट धरून मारायचा, फेकायचा नाही, आत जिवंत प्राणी आहे. हाताला ओढणी किंवा जाड कापड गुंडाळा, तोंड वळवा, डोळे मिटा. गाडीचा अलार्म वाजेल, वाजू दे.

काच पडली की एक गोष्ट फार महत्त्वाची, आणि तीच गडबडीत विसरली जाते. घाबरलेलं कुत्रं दार उघडताच सुसाट सुटतं. मोठ्या रस्त्याच्या कडेला याचा अर्थ काय, ते सांगायला नको. दार फटीएवढंच उघडून आधी पट्टा हाताला लागू द्या, मग दार. सीटवर काचेचे खडे असतील तर वर पिशवी किंवा पायपुसणं टाका, नंतर पंजे तपासा.

बाहेर काढल्यावर त्याला घेऊन लगेच दवाखान्याकडे धावत सुटायचं नाही. आधी थंड करा, मग न्या. ब्रिटनमधल्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या व्हेटकंपास प्रकल्पात उष्म्याने आजारी पडलेल्या कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा दवाखान्यात आणण्याआधी ज्यांना थंड केलं होतं अशी कुत्री पाचांत एकाच्या आसपास निघाली. जो वेळ सगळ्यात मोलाचा, तो रस्त्यात जातो. सावलीत घ्या आणि अंगावर पाणी ओतायला लागा, पोट, काखा, जांघा, मान, सगळीकडे. केस कातडीपर्यंत भिजले पाहिजेत, लॅब्राडॉरची दाट लव वरवरच्या शिंपडण्याने भिजत नाही. सोबत वारा घाला, पुठ्ठ्याने, पंख्याने, आणि आता किल्ली हातात आहे तर गाडीच्या एसीने. बर्फ शोधण्यात मिनिटं घालवू नका. नळाचं पाणी, शहाळेवाल्याची बादली, बिसलेरीचा जार, सगळं चालतं. टाकीतलं कोमट पाणीसुद्धा ४१ अंशांच्या अंगापेक्षा थंडच असतं. फक्त उन्हात तापलेल्या पाइपमधलं पहिलं पाणी आधी वाहून जाऊ द्या. ओला टॉवेल गुंडाळून ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती सोडा. टॉवेल थोड्याच वेळात अंगाच्या उष्णतेने गरम होतो आणि वारा अडवतो. तरुण, निरोगी, शुद्धीवर असलेलं कुत्रं असेल तर डोकं वर धरून टबात बसवलं तरी चालतं.

पाणी समोर ठेवा, त्याला हवं तर पिऊ दे. तोंडात ओतू नका, बेशुद्ध असेल तर अजिबात नाही, ते फुप्फुसात जातं. क्रोसिन किंवा दुसरं तापाचं औषध देऊ नका. हा ताप आजाराचा नाही, त्या गोळीने उतरत नाही, आणि माणसांची तापाची औषधं कुत्र्याला विषारी ठरू शकतात. डिजिटल थर्मामीटर असेल तर गुदद्वारात घालून तापमान बघत राहा आणि ३९.५ च्या आसपास आलं की पाणी ओतणं थांबवा, नाहीतर ते नको इतकं खाली घसरतं. थर्मामीटर नसेल तर धाप ओसरून तो सावध दिसू लागला की थांबा. मग एसी लावून किंवा खिडक्या उघड्या ठेवून जवळच्या दवाखान्यात, निघतानाच फोन करून. अशा वेळी परळच्या प्राण्यांच्या मोठ्या रुग्णालयाचं नाव सगळ्यांच्या तोंडी येतं, पण नेरूळहून किंवा घोडबंदरहून तिथे पोहोचेपर्यंतचा वेळ तुमच्याकडे नसतो. सलाईन आणि ऑक्सिजन देऊ शकणारा जवळचा डॉक्टर कोण आणि तो रविवारी उघडा असतो का, हे आजच विचारून फोनमध्ये नोंदवून ठेवा. आणि कुत्रं बरं दिसलं तरी दाखवायचंच.

तुमच्या यजमानांनाही दोन शब्द लिहिते. ते धावपळ करून किल्ली घेऊन आले, त्यांनीही त्या रिक्षात काय सोसलं असेल याची मला कल्पना आहे. पण 'काही झालं नाही' हा हिशेब पुढच्या वेळेसाठी धरू नका. हीच पंचवीस मिनिटं मे महिन्यातली असती, किंवा लाडूच्या जागी पग असता, तर मला हे पत्र वेगळं आलं असतं. काचेच्या खर्चाचं म्हणाल तर सर्वसमावेशक मोटार विमा असेल तर त्यात काचेच्या भागांवर घसारा, म्हणजे वस्तू जुनी झाली म्हणून धरलेली किमतीतली घट, कापत नाहीत. सक्तीची ठरावीक रक्कम तेवढी तुम्हाला भरावी लागते आणि नो क्लेम बोनसवर, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीवर, परिणाम होऊ शकतो. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर सगळा खर्च तुमचा. तुमच्या गाडीच्या मागच्या दाराची काच केवढ्याला बसते, ते गॅरेजवाल्याला विचारून ठेवा. आकडा आधी माहीत असला की त्या क्षणी त्याची भीती वाटत नाही.

पुन्हा असं होऊ नये म्हणून मुख्य गोष्ट एकच, किल्ली अंगावर. दोरीने गळ्यात, खिशात, कमरेला, कुठेही, पण गाडीत नाही. कुत्रं आत असताना तर क्षणभरही नाही. स्मार्ट किल्ली आत असेल तर गाडी लॉक होत नाही असं अनेकांना वाटतं. बऱ्याच गाड्या बाहेरून लॉक होऊ देत नाहीत हे खरं, पण आतलं बटण दाबलं गेलं तर काय होईल हे गाडीगणिक बदलतं, आणि किल्लीची बटणासारखी बॅटरी कमजोर झाली असेल तर किल्ली आत आहे हेच गाडीला कळत नाही. काही गाड्या रिमोटने उघडून दार नाही उघडलं तर अर्ध्याएक मिनिटात आपणहून पुन्हा लॉक होतात. तुमची गाडी काय करते, ते एकदा कुत्रं घरी ठेवून, खिडकी उघडी ठेवून, स्वतः करून बघा.

लाडूला मागच्या सीटवर हार्नेस आणि सीटबेल्टला अडकवणारा छोटा पट्टा लावा, म्हणजे तो पुढच्या बटणांपर्यंत पोहोचणारच नाही. अचानक ब्रेक लागला तरी तो पट्टा त्याला सांभाळतो. सामान चढवता-उतरवताना एक दार सताड उघडं. आणि ताई, दोन फोन नंबर पाठ करा. घरातल्या प्रत्येकाला करायला लावा, मुलांनाही. तुमच्या पंचवीस मिनिटांतली कितीतरी मिनिटं डोंबिवलीमार्गे गेली.

दुसऱ्याच्या बंद गाडीत कुत्रं दिसलं तर काय, हेही लगेच मनात येईल, म्हणून थोडक्यात. मॉल किंवा सोसायटी असेल तर रखवालदाराला गाडीचा नंबर पुकारायला लावा, ११२ ला फोन करा, कुत्र्याचा आणि परिस्थितीचा व्हिडिओ घ्या, साक्षीदार थांबवून ठेवा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा मालकाला लागू होऊ शकतो. मोठी हानी टाळण्यासाठी, वाईट हेतू नसताना, सद्भावनेने केलेल्या नुकसानीला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९ मध्ये संरक्षण आहे, पण ते तुमच्या बाबतीत लागू होतं की नाही हे नंतर परिस्थिती पाहून ठरतं. म्हणून पोलिसांशी फोनवर बोलणं चालू असताना, त्यांना सांगून पाऊल उचललेलं बरं. कुत्रं कोसळलं असेल तर मी स्वतः थांबणार नाही.

राहिली लाडूची भीती. तो हट्ट करत नाही, त्याला ती जागा आठवते, म्हणून ओढून, उचलून गाडीत बसवू नका. ऊन उतरल्यावर, गाडी सावलीत, इंजिन बंद, चारही दारं उघडी, असं ठेवून त्याचं रात्रीचं जेवण गाडीपासून काही पावलांवर द्या. तो निवांत खाऊ लागला की रोज ताट थोडं जवळ सरकवा. मग दाराच्या उंबऱ्यावर, मग मागच्या सीटवर. तो आपणहून चढेल आणि हवं तेव्हा उतरेल, दारं उघडीच. आत बसून खायला लागला की एक दार लावा, लगेच उघडा, शाबासकी द्या. दार लावल्याच्या आवाजाला तो दचकत असेल तर त्या पायरीवर काही दिवस थांबा. इंजिन त्यानंतर, आणि पहिली फेरी सोसायटीच्या आवारातच, खिडक्या खाली करून, तुमच्यापैकी एक जण मागे त्याच्याशेजारी. मध्येच तो मागे हटला तर आदल्या पायरीवर परत जा, रागावू नका. या काळात त्याला गाडीने दवाखान्यात न्यावं लागू नये म्हणून रक्ताचे नमुने घरी येऊन घेणारे कुणी मिळतात का ते डॉक्टरांना विचारा. काही आठवड्यांत फरक दिसला नाही, गाडी दिसताच तो थरथरत, लाळ गाळत राहिला, तर मला पुन्हा लिहा किंवा त्यांच्याशी बोला, भीती कमी करणारी औषधं असतात आणि अशा वेळी ती द्यावीत. लांबच्या प्रवासाची घाई मात्र पाऊस सुरू होईपर्यंत करू नका.